स्वदारसंतोष व्रत आणि मनाचे कुंपण

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या धर्मसंस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा त्या पन्नास वर्षांत झालेल्या बांधकामांचा, पाठशाळांचा, दानशूर व्यक्तींचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. परंतु संस्था उभी असते ती घरांच्या आधारावर. मंदिरात अभिषेकाला येणारा श्रावक घरातून येतो, आहारदानाचा चौका घरातच लागतो आणि पाठशाळेत बसणारे मूल घरातूनच संस्कार घेऊन येते. त्या घराचा पाया म्हणजे पती-पत्नीचा परस्परविश्वास. मंदिराच्या शिखराला तडा गेला तर तो सर्वांना दिसतो, लगेच जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू होते. संसाराला गेलेला तडा मात्र पुष्कळदा त्या दोघांनाही वेळेवर दिसत नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी, श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, त्या चौथ्या व्रताचा विचार येथे करावयाचा आहे. हे व्रत म्हणजे ब्रह्मचर्याणुव्रत. त्यालाच स्वदारसंतोष असे सुंदर नाव आहे. शास्त्रातील शब्दरचना पुरुषाला उद्देशून असली, तरी श्राविकेसाठी हेच व्रत स्वपतिसंतोष म्हणून तितकेच लागू आहे.

एक घर

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. ते कोणत्याही एका गावचे नाही, म्हणून ते कोणत्याही गावचे असू शकते. बाजारपेठेत भुसार मालाचे दुकान, विवाहाला पंचवीस वर्षे झालेली, मुलगी सासरी नांदते आहे, मुलगा नोकरीनिमित्त परगावी. सकाळी देवदर्शन, सूर्यास्तापूर्वी भोजन, अष्टमी-चतुर्दशीचे नियम. घरात वाद नाही, उणे काही नाही. पूर्वी मुलांच्या परीक्षा, आजारपणे, कर्जाचे हप्ते यांनी भरलेली संध्याकाळ आता मोकळी झाली आहे. मोकळ्या वेळेत काय बोलावे, हे मात्र दोघांनाही सुचत नाही.

गृहस्थाच्या महाविद्यालयातील जुन्या सोबत्यांचा मोबाईलवर एक गट तयार झाला. त्यात त्या काळच्या वर्गभगिनीही होत्या. त्यांपैकी एकीने त्याच्या कोणत्या तरी जुन्या वक्तृत्वाची आठवण काढून चार कौतुकाचे शब्द लिहिले. त्याने आभार मानले. एवढेच घडले. त्याने तिची भेट घेतली नाही, अयोग्य असा एक शब्दही लिहिला नाही. परंतु दुकानात गिऱ्हाईक नसताना त्याच्या मनात तिच्याशी संभाषण सुरू झाले. आयुष्य निराळे वळण घेते तर काय झाले असते, याचे चित्र तो रंगवू लागला. त्या चित्रातील स्त्री कधी थकत नव्हती, तिचे गुडघे दुखत नव्हते, ती कधी किराण्याची यादी वाचून दाखवत नव्हती. घरी आल्यावर समोरच्या पत्नीची तुलना त्या चित्राशी होऊ लागली आणि चित्रापुढे जिवंत माणूस नेहमीच उणा पडतो.

पत्नीच्या एकच गोष्ट लक्षात आली. पूर्वी हा मोबाईल कोठेही पडलेला असे, आता तो पालथा ठेवला जातो. तिने विचारले नाही. विचारण्याऐवजी तिनेही मनात एक चित्र रंगविण्यास प्रारंभ केला. भेटी कोठे होत असतील, दुकानाच्या वसुलीला गेलेला दिवस खरोखर वसुलीचाच होता का, असे एकेक पान जोडत तिने संपूर्ण कथा रचली. त्या कथेतील एकही प्रसंग घडलेला नव्हता.

अशा रीतीने दोघांच्या त्या घरात एक तिसरी व्यक्ती राहावयास आली. त्या व्यक्तीला मात्र याची वार्ताही नव्हती. भूमिकांची अदलाबदल करूनही हाच प्रसंग सांगता येईल. मन पत्नीचे भरकटते आणि संशयाने पती पोळतो, असेही घडते. प्रश्न असा की, या घरात व्रतभंग झाला आहे काय?

कायद्याचे उत्तर आणि व्रताचे उत्तर

कायद्याला विचारले तर उत्तर सरळ आहे. भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ नुसार परस्त्रीगमन हा पुरुषासाठी गुन्हा होता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कलम एकमताने रद्द ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसे कलम नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्या कायद्यानुसार व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण मात्र आजही आहे. तरीही फौजदारी असो वा दिवाणी, कायदा पाहतो ती कृती, आणि कृतीला पुरावा लागतो. मनात काय चालले आहे, हे पाहण्याचे न्यायालयाला कारण नाही आणि ते योग्यच आहे. राज्यसत्ता मनात डोकावू लागली तर कोणीच सुरक्षित राहणार नाही.

व्रताचे तसे नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे लक्षण सांगताना एक महत्त्वाचा शब्द योजिला आहे. श्रावक परस्त्रीपासून दूर राहतो तो पापाच्या भीतीने. राजदंडाच्या भीतीने नव्हे, असा खुलासा त्यावरील टीकेत केला आहे. दंड उद्या राहील किंवा जाईल, कलम आज असेल, उद्या नसेल. ज्याने स्वतः होऊन व्रत घेतले, त्याला बाहेरच्या पहारेकऱ्याची आवश्यकता नाही. म्हणूनच २०१८ च्या निर्णयानंतर काही ठिकाणी जी चिंता व्यक्त झाली, ती व्रती श्रावकाने करण्याचे कारण नव्हते. त्याच्या व्रताचे एक अक्षरही त्या निर्णयाने बदलले नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा आहे कामतीव्राभिनिवेश, म्हणजे कामविषयाची तीव्र आसक्ती. त्याच अध्यायात ब्रह्मचर्याच्या पोषणासाठी ज्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांत रागोत्पादक कथा ऐकण्याचा आणि पूर्वी भोगलेल्या सुखाच्या स्मरणाचा त्याग आहे. म्हणजे सूत्रकारांची दृष्टी हातापायांवर थांबत नाही. ती कानांपर्यंत आणि स्मृतीपर्यंत पोहोचते.

तंदुल मत्स्याचे उदाहरण

मनाचे महत्त्व सांगण्यासाठी जैन परंपरेत तंदुल मत्स्याची कथा सांगितली जाते. कुंदकुंदाचार्यांच्या भावपाहुडात याच मत्स्याचा शालिसिक्थ या नावाने उल्लेख आहे. स्वयंभूरमण समुद्रात एक प्रचंड महामत्स्य असतो. त्याच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा एक मासा राहतो. महामत्स्य तोंड उघडे टाकून झोपतो, तेव्हा असंख्य लहान मासे त्याच्या तोंडात शिरतात आणि बाहेरही पडतात. ते पाहून तंदुल मत्स्य हळहळतो, की हा केवढा मूर्ख आहे, मला एवढे शरीर मिळाले असते तर मी यांतील एकालाही जिवंत सोडले नसते. तो आयुष्यात एकही मासा खात नाही, तरीही मरून सातव्या नरकात जातो.

ही कथा ऐकून एखादा सरळमार्गी श्रावक भयभीत होतो. मनात वाईट विचार आला की सातवा नरक, असा अर्थ तो घेतो. दुसरा एखादा चतुर मनुष्य उलट तर्क करतो, की विचार आणि कृती यांचे फळ एकच असेल, तर कृती टाळून काय मिळविले? दोघांचीही समजूत अपुरी आहे. तंदुल मत्स्याच्या मनात एक विचार येऊन गेला आणि त्यामुळे तो नरकात गेला, असे कथा सांगत नाही. तो जन्मभर तेच चिंतन करीत राहिला. त्याच्यात संयम नव्हता, केवळ सामर्थ्य नव्हते. शरीर लाभताच त्याने तेच केले असते. त्याच्या अहिंसेत व्रत नव्हते, असमर्थता होती. कथेचा मर्मार्थ येथे आहे. केवळ संधी मिळाली नाही म्हणून जो शुद्ध राहिला, त्याने स्वतःला व्रती समजू नये.

तेव्हा विचार मनात येणे आणि विचाराला मनात वस्ती करू देणे, यांत फरक आहे. हा फरक स्पष्ट करण्यासाठी आचार्यांनी पायऱ्या सांगितल्या आहेत.

चार पायऱ्या

सामायिक पाठ म्हणून घरोघरी परिचित असलेल्या आपल्या द्वात्रिंशतिकेत आचार्य अमितगतींनी दोषांच्या चार पायऱ्या दिल्या आहेत. मनाच्या शुद्धीची हानी होणे हा अतिक्रम. शीलाचे कुंपण ओलांडणे हा व्यतिक्रम. विषयात प्रवृत्त होणे हा अतिचार. आणि त्यातच अत्यंत आसक्त होऊन राहणे हा अनाचार. हे समजावून सांगताना शेताचे आणि बैलाचे उदाहरण दिले जाते. बैल कुंपणाबाहेर बसलेला आहे. आतील हिरवे पीक पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटते, ही पहिली पायरी. तो उठून कुंपणाशी येतो आणि ते मोडतो, ही दुसरी. मान आत घालून एक घास घेतो, ही तिसरी. आत शिरून यथेच्छ चरू लागतो, ही चौथी.

या उदाहरणात मोठी करुणा आहे. बैलाला हिरवे पीक दिसणे हा बैलाचा अपराध नाही. पीक हिरवेच असणार आणि डोळे उघडेच असणार. परंतु पहिल्या पायरीवरून बैलाला वळविण्यासाठी केवळ एक हाक पुरते. दुसऱ्या पायरीवर दोर ओढावा लागतो. चौथ्या पायरीवर काठी उगारूनही तो लवकर बाहेर येत नाही आणि तोपर्यंत पिकाची नासाडी झालेली असते.

आता त्या घराकडे पुन्हा पाहावे. जुन्या ओळखीचे चार शब्द वाचून गृहस्थाचे मन प्रसन्न झाले, तेथवर तो अतिक्रमाच्याही अलीकडे होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो स्वतः ते संभाषण मनात रचू लागला, तेव्हा अतिक्रम झाला. मोबाईल पालथा ठेवला, तो क्षण सर्वांत महत्त्वाचा. त्या क्षणापर्यंत त्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नव्हते. त्या क्षणी त्याने स्वतःच कुंपणाची एक काटकी उपसली. कोणतीही गोष्ट पत्नीपासून लपवावीशी वाटली, की आपण कुंपणाशी येऊन उभे आहोत, एवढे श्रावकाने ओळखले तरी पुढचा बराच अनर्थ टळतो.

दुसरे कल्पित : अंजनेची बावीस वर्षे

परंतु दोष एकट्या गृहस्थाचा नाही. स्वतःच्या मनातील मोह हे जसे कल्पित, तसा दुसऱ्याच्या ठिकाणी कल्पिलेला अपराध हेही कल्पितच. संशयाने घरे कशी उद्ध्वस्त होतात, याचे उदाहरण जैन पुराणांत आहे. आचार्य रविषेणांनी इ. स. ६७७ च्या सुमारास रचलेल्या पद्मपुराणात अंजना आणि पवनंजय यांची कथा आली आहे.

राजा महेंद्राची कन्या अंजना हिचा विवाह राजा प्रल्हादाचा पुत्र पवनंजय याच्याशी ठरला. विवाहाला तीन दिवस उरले होते. पवनंजयाला धीर धरवेना. तो आपला मित्र प्रहसित याच्यासह गुप्तपणे अंजनेच्या महालाशी गेला. आत सख्यांचे बोलणे चालले होते. एकीने पवनंजयाची स्तुती केली. मिश्रकेशी नावाच्या दुसरीने मात्र विद्युत्प्रभ नावाच्या राजकुमाराचे गुण गाऊन पवनंजयाला कमी लेखले. अंजना लज्जेने स्तब्ध बसली होती, तिने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्या मौनाचा अर्थ पवनंजयाने स्वतःच लावला. हिचे मन विद्युत्प्रभावर आहे, असा त्याने निश्चय केला. त्याने विवाह केला खरा, परंतु विवाहानंतर तिचे मुखही पाहिले नाही. बावीस वर्षे अंजना पतीच्या राज्यात, पतीच्या महालात, पतीविना राहिली. आपला अपराध कोणता, हेही तिला कळले नाही.

पुढे रावण आणि वरुण यांच्या युद्धात रावणाच्या साह्यासाठी पवनंजय निघाला. मानससरोवराच्या काठी तळ पडला असताना त्याने एका चक्रवाकीला पाहिले. केवळ एका रात्रीच्या विरहाने ती तळमळत होती. तेव्हा त्याच्या मनात आले, की ही पक्षीण एका रात्रीने एवढी व्याकूळ होते, तर मी जिला बावीस वर्षे टाकले तिचे काय झाले असेल? तो त्याच रात्री गुप्तपणे परतला, अंजनेला भेटला आणि पहाटेपूर्वी पुन्हा निघून गेला. अंजना गर्भवती झाली. सासू केतुमतीने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. बावीस वर्षे जो पत्नीकडे फिरकला नाही, तो एका रात्री आला होता, हे कोण मानणार? तिला घराबाहेर काढले गेले. माहेरचे दारही तिच्यासाठी उघडले नाही. अखेर वनातील गुहेत तिने पुत्राला जन्म दिला. तोच पुढे हनुमान म्हणून प्रसिद्ध झाला.

या कथेत व्यभिचार कोठेही नाही. एका सखीचे बोलणे, एक मौन आणि एका पुरुषाची कल्पना, एवढ्यावरच बावीस वर्षे गेली. पवनंजयाने त्या रात्री एक प्रश्न विचारला असता, तर या कथेला कारणच उरले नसते. आणि हेही लक्षात घ्यावे, की एकदा पेरलेला संशय पेरणाऱ्याच्या हातात राहत नाही. पवनंजयाचे मन शुद्ध झाले, तोवर तो संशय केतुमतीच्या मनात उगवला होता आणि शिक्षा पुन्हा अंजनेलाच भोगावी लागली.

परतीचा मार्ग

मनाने केलेला प्रवास मनानेच परत फिरविता येतो, याचे आश्वासन प्रसन्नचंद्र राजर्षींच्या कथेत मिळते. श्वेतांबर परंपरेत ही कथा विशेष प्रसिद्ध आहे. राज्य सोडून मुनी झालेले प्रसन्नचंद्र कायोत्सर्गात उभे होते. आपल्या अल्पवयीन पुत्राचे राज्य मंत्री बळकावणार, असे शब्द त्यांच्या कानी पडले आणि ते मनातल्या मनात शत्रूंशी लढू लागले. त्याच सुमारास श्रेणिक राजाने भगवान महावीरांना विचारले, की हे मुनी या क्षणी देह सोडतील तर कोठे जातील? उत्तर मिळाले, सातव्या नरकात. इकडे मनातील युद्धात शस्त्रे संपली, तेव्हा राजर्षींनी मुकुट फेकण्यासाठी हात मस्तकाकडे नेला आणि तो मुंडन केलेल्या डोक्याला लागला. आपण कोण आहोत, याचे भान तत्क्षणी आले. पश्चात्तापाने परिणाम शुद्ध होत गेले आणि त्यांना केवलज्ञान झाले.

तो हात डोक्याला लागणे, हेच सामायिक आणि हेच प्रतिक्रमण. गृहस्थाने दिवसातून एकदा तरी स्थिर बसून आज मन कोठे कोठे जाऊन आले, हे स्वतःला सांगावे. जेथे जाऊन आले ते ठिकाण ओळखावे, निंदा करावी आणि परत यावे. ज्या निमित्ताने मन वारंवार तेथे जाते, ते निमित्त दूर करावे. मग तो एखादा गट असो, एखादी सवय असो वा रिकामी संध्याकाळ असो. ज्याच्या मनात संशय आला आहे, त्याने तो कथा होण्यापूर्वी प्रश्नाच्या रूपात समोर ठेवावा. ज्याला प्रश्न विचारला गेला, त्याने रागावू नये. रागावलेले उत्तर खरे असले तरी ते संशय वाढवितेच.

आणि या व्रताच्या नावातील दुसरा शब्द कधी विसरू नये. शास्त्रकारांनी संतोष हा शब्द योजिला आहे. जे आहे ते नाइलाजाने चालवून घेणे म्हणजे संतोष नव्हे. नाइलाज हा तंदुल मत्स्याचा मार्ग आहे. आपल्या वाट्याला आलेल्या व्यक्तीकडे पुन्हा नव्याने पाहणे, तिचे श्रम ओळखणे, तिच्याशी बोलण्यासारखे काही शोधणे, हा संतोषाचा पुरुषार्थ आहे. जे चार कौतुकाचे शब्द ऐकून त्या गृहस्थाचे मन परक्या ठिकाणी रमले, ते चार शब्द त्या घरात कित्येक वर्षांत कोणी कोणाला बोलले नव्हते. मोहाचे बीज बाहेरून आले असेल, परंतु जमीन घरातच ओसाड पडलेली होती.

दशलक्षण पर्वाचा दहावा दिवस उत्तम ब्रह्मचर्याचा. त्यानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी श्रावक मंदिरात प्रत्येकाला हात जोडतो, परगावच्या नातेवाइकांना पत्रे आणि संदेश पाठवितो, ज्यांच्याशी वर्षभर बोलणेही झाले नाही त्यांचीही क्षमा मागतो. परंतु ज्या एका व्यक्तीचा अपराध त्याच्या हातून सर्वांत अधिक होतो, तिच्याजवळ क्षमा मागण्याचे त्या गडबडीत पुष्कळदा राहून जाते. घरातच तर आहे, तिला काय सांगावयाचे, असे वाटते.

त्या घरातही पर्व येईल. मंदिरातून परतल्यावर तो गृहस्थ ओसरीवर बसेल. तेव्हा त्याने एवढेच म्हणावे, "अगं, गेले काही महिने माझं मन घरात नव्हतं. घडलं काहीच नाही, पण मन नव्हतं. मला क्षमा कर." आणि तिनेही म्हणावे, "अहो, मला ते कळत होतं. मी विचारलं नाही, मनातच तुम्हाला दोषी ठरवून मोकळी झाले. तुम्हीही मला क्षमा करा." त्यानंतर मोबाईल कोठे ठेवावा, हे कोणाला सांगावे लागणार नाही.

अशी क्षमा जेथे मागितली जाते आणि दिली जाते, त्या घरांच्या बळावरच धर्मसंस्था पुढील पन्नास वर्षांची वाटचाल करू शकते. सर्व जीवांचे मन निर्मळ राहो, सर्वांच्या घरी संतोष नांदो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!